संत गोन्सालो गार्सिया : वसईचा व्यापारी, दुभाषी आणि रक्तसाक्षी

वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा सण आपण दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साजरा करतो. त्या निमित्ताने होणाऱ्या प्रवचनांतून नागासाकीची टेकडी, क्रूस आणि भाले ह्यांचे वर्णन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते योग्यच आहे. तथापि बोईसर-तारापूर परिसरातील जो भाविक रोज पहाटेची पाळी गाठतो, जो ठेकेदाराकडे हजेरीपट सांभाळतो किंवा चिंचणी-तारापूरच्या बाजारात तराजू धरतो, त्याला ती टेकडी फार दूरची वाटते. आपल्याला कोणी क्रूसावर चढविणार नाही, मग ह्या संताचे आपण अनुकरण करायचे ते कशात, असा प्रश्न त्याच्या मनात आल्यास नवल नाही. आम्हांस असे वाटते की ह्या चरित्रातील अखेरचा दिवस जितका महत्त्वाचा, तितकीच त्याआधीची पंचवीस वर्षेही महत्त्वाची आहेत. ती बरीचशी मोहाशी दिलेल्या झुंजीत गेली, आणि ते मोह आपल्या ओळखीचे आहेत.

गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई ह्याच भूमीतील. वसई १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आली होती. पुढे उत्तरेकडील केळवे-माहीम, तारापूर ही बंदरेही त्यांच्या उत्तर प्रांतात मोडू लागली. तारापूरच्या किनाऱ्यावर आज जो किल्ला उभा आहे, तो त्याच राजवटीची खूण होय. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो जिंकून घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. म्हणजे गोन्सालो ज्या काळात वाढले, त्या काळी ह्या साऱ्या किनाऱ्यावर व्यापार, सत्ता आणि धर्म एकाच गलबतातून प्रवास करीत होते. पैसा मिळविण्याच्या संधी पुष्कळ होत्या आणि माणसाचे मन भरकटावे अशा जागाही पुष्कळ.

किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस ह्यांनी त्यांना आधार दिला. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४९ साली कागोशिमा येथे पाऊल ठेवून जपानमध्ये शुभवर्तमानाची सुरुवात केली होती. त्या गोष्टीला तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. गोन्सालो ह्यांनी जपानी भाषा लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांच्या मदतीला राहिले. मुलांना प्रार्थना शिकविणे, नवदीक्षितांना समजावून सांगणे, परदेशी धर्मगुरूंच्या बोलण्याचा अर्थ गावकऱ्यांपर्यंत पोहोचविणे ही त्यांची कामे.

त्यांची मनीषा येशूसंघात प्रवेश करण्याची होती. चरित्रकार सांगतात की तसे आश्वासनही त्यांना मिळाले होते, पण ते पाळले गेले नाही. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. मोह म्हटला की दारू, जुगार, परस्त्री आणि पैसा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु चर्चमध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला डावलले गेल्यावर जी कडवटपणाची चटक लागते, तिच्याइतका चिवट मोह दुसरा नसेल. आमच्या धर्मग्रामांत असे किती तरी बांधव आहेत, जे एखाद्या जुन्या अपमानापायी दहा-दहा वर्षे मिस्साला फिरकलेले नाहीत. कोणाला सणाच्या समितीतून वगळले, कोणाला गायनमंडळात मागे बसविले, कोणाच्या लग्नाच्या वेळी काही कमीजास्त बोलणे झाले. दुखावलेले मन खोटे नसते. मात्र दुखावल्याचे निमित्त करून देवाकडेच पाठ फिरविणे, हा सैतानाचा फार जुना डाव आहे. गोन्सालो येशूसंघीयांपासून दूर झाले, पण श्रद्धेपासून झाले नाहीत.

त्यांनी व्यापार सुरू केला. मकावहून रेशीम जपानला जात असे आणि तेथून चांदी परत येत असे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांची ती सोन्याची खाण होती. ज्याला जपानी उत्तम बोलता येते आणि ज्याची दोन्ही बाजूंना ओळख आहे, अशा माणसाला त्या व्यवहारात यश न मिळाले तरच आश्चर्य. गोन्सालो ह्यांना ते भरभरून मिळाले. व्यापार पाप नव्हे, हे आम्ही मुद्दाम नमूद करू इच्छितो, कारण आपल्या काही प्रवचनांतून उगाचच तसा सूर निघतो. कष्टाने घर बांधणारा, मुलांना शिकविणारा, प्रामाणिक नफा मिळविणारा माणूस प्रभूला प्रियच आहे. पण संपत्तीचा स्वभाव असा की ती हळूच मनातील पहिली जागा मागते. आधी ती रविवारची सकाळ मागते, मग खऱ्याखोट्याचा हिशेब मागते आणि शेवटी माणूसच मागते.

फिलिपाईन्समधील मनिला येथे गोन्सालो ह्यांचे फ्रान्सिस्कन मठवासीयांशी संबंध आले. भरभराटीच्या ऐन काळात त्यांनी धंदा सोडला आणि तिशीच्या आसपास त्या संघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश केला. त्यांनी धर्मगुरुपद स्वीकारले नाही. स्वयंपाकघर, बाग, आजाऱ्यांची सेवा अशा कामांत ते रमले. कालपर्यंत ज्यांच्या हाताखाली माणसे राबत होती, त्यांनी आज मठातील वडिलांच्या आज्ञेत राहायचे! धंदा एका दिवशी बंद करता येतो, पण मोठेपणाची सवय रोज सकाळी नव्याने सोडावी लागत असणार.

१५९३ साली फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना आपला वकील म्हणून जपानला पाठविले. बरोबर गोन्सालो दुभाषी म्हणून गेले. त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या हाती होती. १५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, जरी त्याची अंमलबजावणी ढिली होती. शिवाय फिलिपाईन्सने आपले वर्चस्व मान्य करावे अशी त्याची मागणी होती. एका बाजूला लहरी सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला अनवाणी संन्यासी आणि दोघांच्या मध्ये वसईचा हा माणूस.

दुभाष्याच्या वाट्याला येणारा मोह फार सूक्ष्म असतो. एखादा शब्द थोडा मऊ केला, एखादे वाक्य गाळले, तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. समोरचा खूश होतो, आपला जीव वाचतो आणि काम साधते. ज्याच्याकडे दोन्ही भाषा आहेत त्याच्यावर दोन्ही बाजू विसंबून असतात, म्हणूनच त्याची परीक्षा कोणाच्याही नजरेआड होते. आपल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत हा मोह रोज किती जणांना पडत असेल! नोंदवहीत चार आकडे बदलायचे असतात. न आलेल्या कामगाराची हजेरी लावायची असते आणि आलेल्याचा जादा वेळ खायचा असतो. खरेदीच्या बिलावर वरचे पैसे घ्यायचे असतात. रात्रपाळीला झडप उघडून रसायनयुक्त पाणी नाल्यात सोडायचे असते आणि ते सोडले नाही असे लिहायचे असते. ह्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र बिघडला म्हणून आपल्याच किनाऱ्यावरील मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. झडप फिरविणारा हात कोणाचा तरी असतोच. तो हात रविवारी पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पुढे येत असेल, तर कबुलीघरात कोणते पाप सांगायचे ह्याचा विचार त्याच्या धन्यानेच करावा असे म्हणून चालणार नाही. वरून हुकूम आला, नोकरी जाईल, घरात लहान मुले आहेत, ही कारणे खरी असतात. आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. गोन्सालो ह्यांच्यापुढचे भयही खरेच होते.

बोलणी लांबली. मनिलाहून उत्तर येईपर्यंत फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्यास अनुमती मिळाली आणि क्योटो येथे जागाही मिळाली. तेथे त्यांनी मंदिर बांधले आणि रुग्णालये चालविली. कुष्ठरोग्यांची सेवा हे त्यांचे प्रमुख कार्य होते. ज्यांच्या अंगाचा वास रस्त्यावरच्या माणसाला सहन होत नसे, त्यांच्या जखमा हे बंधू धूत होते. इतिहासाशी प्रामाणिक राहून हेही सांगितले पाहिजे की त्यांच्या उघड धर्मप्रचाराविषयी येशूसंघीयांना चिंता वाटत होती. बंदीहुकूम असताना सावधगिरी बाळगावी असे त्यांचे मत होते. दोन्ही संघांत त्यावरून तणाव होता. संतांमध्येही मतभेद असतात, हे वाचून आपल्या पॅरिश कौन्सिलच्या सभासदांना थोडे हायसे वाटावे.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मालाच्या जप्तीवरून वाद वाढला. स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो आणि मागून सैन्य, असा संशय हिदेयोशीच्या मनात पक्का झाला. डिसेंबरात क्योटो व ओसाका येथील मठांना पहारे बसले. यादीत मॅथियस नावाचा एक जण होता, तो त्या वेळी बाहेर गेला होता. शिपाई नाव पुकारू लागले तेव्हा शेजारचा त्याच नावाचा दुसरा ख्रिस्ती पुढे आला आणि आपणही मॅथियसच आहोत, असे सांगून त्यांच्या स्वाधीन झाला. त्याला फक्त गप्प बसायचे होते. गप्प बसणे हे पाप आहे असे कोणी म्हटलेही नसते.

जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. नाक आणि दोन्ही कान कापण्याचा मूळ हुकूम एका अधिकाऱ्याने सौम्य केला होता. गाड्यांतून धिंड काढल्यावर ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. तो प्रवास सुमारे महिनाभर चालला. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची शुश्रूषा करण्यासाठी दोन ख्रिस्ती मागे-मागे चालत होते. त्यांनाही पकडून साखळीत घेण्यात आले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, संत पॉल मिकी ह्यांच्यासह तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुई अवघ्या बारा वर्षांचा होता. श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊ, असे त्या मुलाला एका अधिकाऱ्याने सांगितले. त्याने ते नाकारले. तेरा वर्षांच्या अँथनीचे आईवडील टेकडीच्या पायथ्याशी येऊन रडत होते. जीव वाचविण्याचा मोह तर मोठाच, पण आईच्या अश्रूंच्या रूपाने येणारा मोह त्याहून कठीण.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडले होते. खिळ्यांऐवजी लोखंडी कड्या व दोर ह्यांनी त्यांना बांधण्यात आले. परंपरा सांगते की गोन्सालो ह्यांना सर्वांत आधी क्रूसावर चढविण्यात आले. दोन्ही बाजूंनी भाले खुपसले गेले तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते. १६२७ साली पोप आठवे उर्बन ह्यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी सव्वीस जणांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्यांपैकी हे पहिले संत. ते आपल्या वसईचे, ज्या जिल्ह्यात आज तारापूरही आहे त्याच जिल्ह्याचे.

चरित्र येथे संपते, पण जे जन क्रूसाभोवती उभे होते त्यांची कथा पुढे चालू राहिली, आणि आम्हांस ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. नागासाकी परिसरात लोकांना दरवर्षी प्रभू येशूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. पुष्कळांनी प्राण दिले. अनेकांनी मात्र मुलाबाळांकडे पाहून पाय ठेवला. ते शूर नव्हते. त्या रात्री घरी जाऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पूर्ण पश्चात्ताप कसा करावा हे शिकविणारी एक पुस्तिका १६०३ साली महागुरूंनी तयार करून ठेवली होती आणि ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू उरलेला नव्हता. दरवर्षी पडायचे आणि दरवर्षी गुडघे टेकायचे, असे दोनशेहून अधिक वर्षे चालले. एकदा कुमसार केल्यावर पुन्हा तेच पाप घडले म्हणून लाजेने संस्कारापासून दूर राहणाऱ्या आमच्या बांधवांनी ह्या शेतकऱ्यांकडे पाहावे.

संतपदाच्या घोषणेनंतर तीन वर्षांनी नागासाकीत ओउरा येथे एक मंदिर उघडले. ते परदेशी लोकांपुरते होते आणि ह्याच सव्वीस रक्तसाक्षींना अर्पण केले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील सुमारे पंधरा शेतकरी स्त्री-पुरुष दारात येऊन उभे राहिले. फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ वेदीपुढे प्रार्थना करीत होते. एक स्त्री त्यांच्या जवळ आली आणि हलक्या आवाजात आपल्या मनातही हीच श्रद्धा आहे असे सांगून पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, हे विचारू लागली.