आत शिरण्याआधी हवा तपासा, हे जगाला शिकवणारा डॉक्टर : जॉन स्कॉट हाल्डेन

गोंदिया हा धानाचा जिल्हा. शेतात विहिरी, विहिरीत मोटारी आणि गावोगावी राइस मिल. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावातल्या मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला शेतकऱ्याचा फोन आला की तो पाने, टेस्टर आणि दोर पिशवीत टाकून निघतो. पिशवीत कामाचं सगळं असतं. ज्या विहिरीत उतरायचं तिच्यातली हवा कशी आहे, हे सांगणारं मात्र बहुतेक वेळा काहीच नसतं.

याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. जून २०२३ मध्ये तिरोडा तालुक्यातल्या सरांडी गावात विहिरीत उतरलेल्या चार जणांचा गुदमरून मृत्यू झाला. अशा बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. कधी विहीर असते, कधी शौचालयाची टाकी, कधी गटार.

कामाच्या जागी पाऊल टाकण्याआधी तिथला धोका मोजायचा, ही गोष्ट आज सोपी वाटते. पण ती विज्ञानाच्या आधारावर उभी करायला एका माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं घालवली. त्याचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

मध्यरात्री हवा गोळा करणारा डॉक्टर

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घर सधन होतं आणि शिक्षण उत्तम झालं. १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. दवाखाना काढून आरामात जगता आलं असतं, पण त्यांना रोग्यापेक्षा रोग्याच्या आसपासच्या हवेत जास्त रस होता.

डंडी शहरात त्यांनी थॉमस कार्नेली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर काम सुरू केलं. मध्यरात्रीनंतर गरीब वस्त्यांमधल्या घरांत जायचं आणि कोंदट खोल्यांमधली हवा बाटल्यांमध्ये भरून आणायची, असं ते काम होतं. शाळांमधली हवा तपासली. मग दोघे गटारांकडे वळले. लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या इमारतीखालच्या गटाराचीही त्यांनी तपासणी केली.

निकालाने लोक चकित झाले. त्या काळी गटाराची हवा म्हणजे रोगांचं घर असं मानलं जायचं. मोजमाप केल्यावर दिसलं की तपासलेल्या गटारांमधल्या हवेत जंतू अपेक्षेपेक्षा कमी होते. कोंदट घरांची हवा त्याहून वाईट होती. एखादी जागा किती धोक्याची आहे हे तिच्या वासावरून किंवा दिसण्यावरून ठरत नाही, हा धडा हाल्डेन यांना तरुणपणीच मिळाला.

एकाला वाचवायला गेलेले चौघे

या धड्याची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. १ जुलै १८९५ रोजी लंडनजवळच्या ईस्ट हॅम इथल्या सांडपाण्याच्या पंपिंग केंद्रात एक कामगार खाली उतरला आणि कोसळला. त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जण दगावले. वाचवायला गेलेल्या चौघांच्या नावांची फरशी आजही लंडनच्या एका बागेतल्या स्मारकावर आहे.

या प्रकरणाचा छडा लावण्याचं काम हाल्डेन यांनी केलं. गुन्हेगार होता हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं समजणारा माणूस खरं तर जास्त धोक्यात असतो.

काही वर्षांपूर्वी याच हाल्डेन यांना दुसऱ्या गटारांची हवा बरी आढळली होती. एक गटार ठीक, दुसरं जीवघेणं. बाहेरून दोन्ही सारखीच. त्यामुळे मागच्या वेळी काही झालं नाही, हे या वेळी उतरण्याचं कारण होऊ शकत नाही.

स्फोटाने नाही, हवेने मारलं

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत मोठा स्फोट झाला. ५७ खाणकामगार मरण पावले. हाल्डेन तिथे पोहोचले आणि मृतदेह तपासू लागले. अनेकांच्या अंगावर मरण येण्याजोग्या जखमाच नव्हत्या. उलट त्यांची त्वचा गुलाबी दिसत होती.

ही कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. या वायूला रंग नाही आणि वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. बहुतेक माणसं स्फोटाच्या दणक्याने नव्हे, तर नंतर पसरलेल्या या वायूने मेली होती, असं हाल्डेन यांनी दाखवून दिलं.

यातून मोठा बदल झाला. स्फोटातून वाचलेल्यांना बाहेर काढायचं कसं आणि वाचवायला जाणाऱ्यांना जपायचं कसं, हा प्रश्न पुढे आला. हाल्डेन यांचं उत्तर साधं होतं. माणसाच्या आधी इशारा देईल असं काहीतरी सोबत न्या. उंदरासारख्या लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास आणि रक्ताभिसरण वेगवान असतं, म्हणून विषारी वायूचा परिणाम त्याच्यावर माणसापेक्षा कितीतरी लवकर दिसतो. पुढे उंदराऐवजी कॅनरी पक्षी आला. पक्षी दांडीवरून खाली पडला की लगेच कळायचं. ब्रिटनच्या खाणींमध्ये हा पिवळा पक्षी अनेक दशकं राहिला. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी त्याला निरोप द्यायचा निर्णय झाला.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील किंवा दिवा सोडून बघण्याची जुनी रीत आहे. युरोपातल्या खाणींमध्येही ज्योतीवरून हवा ओळखायचे. हाल्डेन यांनी ही ज्योत नेमकं काय सांगते ते तपासलं.

चांगल्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १७ टक्क्यांच्या आसपास आला की दिवा विझतो. माणूस त्या वेळी शुद्धीत असतो, म्हणजे दिवा थोडा आधी इशारा देतो. दिवा विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच आहे. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, हे मात्र चूक आहे. माणसाला मारायला पुरेसा कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड हवेत असला तरी दिवा शांतपणे जळत राहतो. पेट घेणारा वायू साचला असेल तर तोच दिवा स्फोट घडवू शकतो.

वायू कुठे साचतो हेही महत्त्वाचं. हाल्डेन यांनी आपल्या लहान मुलाला हे एका खाणीतच शिकवलं. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून छताजवळ साचतो. मुलाला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला सांगितलं. थोड्याच वेळात मुलगा खाली कोसळला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. विहिरीत उलटं घडतं. सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून आणि मातीतून येणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो तळाशी बसतो. तिथे कोसळलेला माणूस आणखी वाईट हवेत पडतो.

तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

स्वतःवर प्रयोग, पण मोजून

हाल्डेन यांची सगळ्यात जास्त चर्चा होते ती त्यांनी स्वतःवर केलेल्या प्रयोगांची. त्यांनी कार्बन मोनॉक्साइड हुंगला, अधूनमधून स्वतःचं रक्त तपासलं आणि किती प्रमाणाला काय त्रास होतो याची नोंद ठेवली. १९१५ मध्ये जर्मनीने युद्धात क्लोरीन वायू सोडला तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना फ्रान्सला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विषारी वायू स्वतः हुंगून बचावाची साधनं तपासली.

हे वाचून तो जिवावर उदार झालेला माणूस वाटेल. पण त्यांचं धाडस हिशेबाचं होतं. वायूचं प्रमाण माहीत असायचं, घड्याळ चालू असायचं आणि कुठे थांबायचं हे ठरलेलं असायचं. न तपासलेल्या विहिरीत उडी घेणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं.

पाणबुड्यांसाठी केलेल्या कामातही हेच दिसतं. खोल पाण्यातून एकदम वर आल्यावर पाणबुडे लुळे पडत किंवा मरत. हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचं वेळापत्रक तयार केलं. ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झालं. आत कसं जायचं याइतकंच बाहेर कसं यायचं हेही आधी ठरलेलं हवं, हा त्याचा अर्थ.

१९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. वयाच्या पंचाहत्तरीत ते इराण आणि इराकला गेले. तिथल्या तेल कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो हे त्यांना बघायचं होतं. परतल्यावर मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. आयुष्यभर विषारी हवा हुंगणारा माणूस म्हातारा होऊन घरी वारला.

मग आज काय करायचं?

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम ३६ मध्ये हाच विचार उतरला. टाकी, खड्डा किंवा बंद जागेत विषारी वायूची शक्यता असेल तर आधी तो काढून टाकायचा आणि जाणकार माणसाने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा. नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि दोर बांधलेला पट्टा हवा आणि त्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. पण हा कायदा कारखान्यांसाठी होता. शेतातल्या विहिरीवर तपासणी अधिकारी येत नाही. तिथे मिस्त्री आणि शेतकरी यांनाच ते काम करावं लागतं.

म्हणून निघण्याआधी फोनवरच विचारा. विहीर किती खोल आहे? झाकलेली आहे का? किती दिवस बंद होती? आत डिझेल इंजिन चालवलं होतं का? इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. मोटार दोराने वर ओढून दुरुस्त करता येत असेल तर उतरूच नका.

उतरावंच लागलं तर वीज बंद करा. ब्लोअरने आत ताजी हवा सोडा. वायू मोजणारं यंत्र दोराने सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासा. यंत्र नसेल तर ते असलेल्या माणसाला बोलवा. कमरेला पट्टा आणि दोर हवा, आणि वर ओढून काढू शकतील इतकी माणसं काठावर हवीत.

आणि आतला माणूस कोसळला तर काठावरच्या कुणीही खाली उतरायचं नाही. दोराने ओढा, हवा सोडा, ११२ ला फोन करा. ईस्ट हॅमचे चौघे शूर होते. त्यांच्या हातात दोराचं टोक असतं, तर कदाचित पाचही जण घरी गेले असते.