डॉ. कोटणीस : डॉक्टर घडवणारा डॉक्टर

सोनगीरमध्ये दुखणे अवघड निघाले की गाडी मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे पळवावी लागते. तिथे जमले नाही तर नाशिक, नाहीतर मुंबई. मजुराच्या घरात या प्रवासाचे कर्ज पेशंटच्या मागे उरते. तज्ज्ञ डॉक्टर खेड्यात येत नाहीत, अशी ओरड आपण नेहमी करतो. पण तज्ज्ञ घडतात कुठे आणि कोणाच्या घरातून, हा प्रश्न आपण विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याने कामातून दिले, तो डॉक्टर आपल्या महाराष्ट्राचाच होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. चीनने भारताकडे वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि अठ्ठावीस वर्षांच्या आतले कोटणीस.

१९४० मध्ये कोटणीस उत्तर चीनच्या जिन-चा-जी या डोंगराळ सीमाभागात पोहोचले. तिथे काम करणारे कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये गेले होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीस यांची नेमणूक झाली.

इथे त्यांचे खरे मोठेपण दिसते. जखमी हजारो आणि सर्जन मोजके. एकट्याने कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी पुऱ्या पडणार नव्हत्या. म्हणून रुग्णालयाला जोडलेल्या बेथ्यून वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया शिकवू लागले. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची पोरे. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून कोटणीसांनी त्यांना हाकलले नाही. स्वतः चिनी शिकले आणि त्यांच्याच भाषेत शिकवले. शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले, दुसरे लिहायला घेतले. १९४१ मध्ये त्यांनी तिथल्याच परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. तो काही महिन्यांचा असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. त्यातला त्यागी नायक घरोघर पोहोचला, शिकवणारे कोटणीस मात्र मागे पडले.

कोटणीस आंबेडकरी चळवळीतले नव्हते. तरीही त्यांचे काम आपल्या कामाचे आहे. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. तिथला कारागीर जाणत्या हाताशेजारी बसूनच तयार होतो. पण आपल्याकडे कोणी कुठे बसायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले. कोटणीसांनी आपल्या शेजारी शेतकऱ्याच्या पोराला बसवले.

आज धुळ्याला आणि २०१८ पासून जळगावलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, असा नियम २०२० मध्ये आला. पाऊल चांगले आहे. पण तीन महिन्यांच्या पाहुण्याने खानदेशाची गरज भागत नाही. इथल्याच मुलामुलींना इथेच तज्ज्ञ करावे लागेल. आणि नुसती जागा देऊन भागत नाही. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी डॉक्टर पायल तडवी मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ होण्यासाठी शिकत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. खानदेशाच्या हाताशी आलेली एक तज्ज्ञ डॉक्टर अशी गेली.

म्हणून मागणी करायचीच तर दोन्ही करू या. जिल्ह्याजिल्ह्यांत तज्ज्ञांच्या प्रशिक्षणाच्या जागा वाढवा, आणि त्या जागेवर आमची मुलगी बसली तर तिला माणूस म्हणून शिकवा. कोटणीसांनी परक्या देशात, युद्धाच्या तोंडावर हे केले. आपल्या जिल्ह्यात ते का होऊ नये?