शस्त्रक्रिया यशस्वी, तरी रुग्ण नाराज! ‘२१ दिवसां’मागचे डॉ. माल्ट्झ कोण होते?

नवी सवय लागायला २१ दिवस लागतात, हे फलटणच्या जिमपासून पुण्याच्या क्लासपर्यंत सगळीकडे ऐकू येते. या आकड्याचे मूळ न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन डॉ. मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या निरीक्षणात आहे.

सर्जन मनाकडे कसे वळले?

कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या माल्ट्झ यांनी १९३६ मध्ये ‘न्यू फेसेस, न्यू फ्यूचर्स’ हे पुस्तक लिहिले. नवा चेहरा म्हणजे नवे भविष्य, ही आशा त्याच्या नावातच होती. शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे आयुष्य खरोखर बदलले. काही जण मात्र उत्तम शस्त्रक्रियेनंतरही स्वतःला कुरूपच समजत. अडचण चेहऱ्यात नसून मनातल्या स्वप्रतिमेत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९६० मध्ये ‘सायको-सायबरनेटिक्स’ लिहिले. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी नोंदवले होते. पुढे ‘किमान’ गळाले, आकडा उरला. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज उपचार काय?

इतरांना जेमतेम दिसणाऱ्या दोषाचा सतत ध्यास लागणे, याला ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ म्हणतात. अशा रुग्णांचे शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही. कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीत वारंवार आरसा पाहणे, चेहरा लपवणे, लोकांत जाणे टाळणे या सवयी टप्प्याटप्प्याने सोडवल्या जातात. गरजेनुसार औषधेही देतात. त्यामुळे असा ध्यास असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.