बडोद्याचे अरविंदबाबू

श्री अरविंद म्हटलं की बहुतेकांना पाँडिचेरीचे योगी आठवतात. मी बडोद्याची. दांडिया बाजारातल्या त्यांच्या निवासावरून माझं रोजचं जाणं-येणं. त्यामुळे मला ओढ वाटते ती इथे बसून फौजेच्या बंडाचा विचार करणाऱ्या तरुण प्राध्यापकाची.

१५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात जन्म. सातव्या वर्षीच वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेलं. पुढे ते केंब्रिजला शिकले, आय.सी.एस.च्या लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले; पण घोडेस्वारीच्या परीक्षेपायी नेमणूक हुकली. लंडनमध्येच सयाजीराव महाराजांनी त्यांना नोकरीत घेतलं. १८९३ मध्ये ते बडोद्याला आले, पगार महिना २०० रुपये. आधी सरकारी खाती, मग बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवणं. खासेराव जाधवांसारखे मराठी स्नेही मिळाले, आणि मराठीही इथेच शिकले.

वरवर बघाल तर हा अबोल, पुस्तकात बुडालेला माणूस. मनात मात्र हिशेब चालू होता: मूठभर गोऱ्या अंमलदारांचं राज्य देशी शिपायांच्या बळावर उभं आहे, शिपाई फिरला, तर राज्य राहत नाही. खासेरावांचे भाऊ माधवराव बडोद्याच्या फौजेत लेफ्टनंट होते आणि अरविंदांच्या गुप्त कामात सामील होते. जतींद्रनाथ बॅनर्जी या बंगाली तरुणाला या मित्रांनी त्याच फौजेत भरती करवलं. शिक्षण झाल्यावर १९०२ च्या सुमारास अरविंदांनी त्याला संघटनेसाठी बंगालला धाडलं. स्वतः मध्य भारतात जाऊन एका पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना आणि शिपायांना भेटून आले.

ते बंड झालंच नाही. १९०६ मध्ये अरविंदांनी बडोदं सोडलं. १९०८ मध्ये अलीपूर खटल्यात पकडले गेले, वर्षभराने निर्दोष सुटले. धाकटे भाऊ बारींद्र यांना मात्र आधी फाशीची शिक्षा झाली, मग ती बदलून अंदमान. इथे मला थांबावंसं वाटतं. विचार मोठ्यांनी मांडायचा आणि पोरांनी आयुष्यं द्यायची, हा हिशेब मला अजून सुटलेला नाही.

१९१० मध्ये ते पाँडिचेरीला गेले. पुढचं आयुष्य योगात गेलं. पण फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाचे तरुण खलाशी उठले, तेव्हा इंग्रजांना कळून चुकलं, की वर्दीतला माणूस आता आपला उरला नाही. बडोद्यातल्या प्राध्यापकाने हे चाळीस वर्षं आधीच ओळखलं होतं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, तोही नेमका त्यांच्या वाढदिवशी. ५ डिसेंबर १९५० रोजी ते गेले.

त्यांच्या योगापुढे आपण हात जोडतोच. त्यांची बडोद्यातली तेरा वर्षंही आपण इथल्या मुलांनी वाचायला हवीत, प्रश्नांसकट.