लोकलचे सगळे मोटर कोच एकदम कसे पळतात? फ्रँक स्प्रेगची गोष्ट

मुंबई लोकलचा मोटरमन पुढच्या केबिनमध्ये हँडल फिरवतो आणि मधल्या, मागच्या मोटर कोचच्या मोटर्सही त्याच वेळी जोर लावतात. ही युक्ती फ्रँक स्प्रेगची. नाव ओळखीचं वाटत नाही ना? त्याला कारण आहे, सांगतो.

स्प्रेग १८५७ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये जन्मला, नौदलाच्या अकादमीत शिकला. १८८३ला एडिसनकडे नोकरीला लागला आणि पुढच्याच वर्षी ती सोडून स्वतःची कंपनी काढली.

१८८७मध्ये त्याने रिचमंड शहरातल्या विजेच्या ट्रामचं कंत्राट घेतलं. साधारण १२ मैल मार्ग, ४० गाड्या, मुदत ९० दिवस आणि काम पसंत पडलं तरच पैसे. माझ्या मते असल्या अटींवर सही करणं हा शुद्ध वेडेपणा होता. ९० दिवसांत आमच्याकडे एक ॲप धड रिलीज होत नाही! त्यात त्याला टायफॉइड झाला. शहरातले चढ १० टक्क्यांपर्यंतचे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. एका रात्री चाचणीत गाडी टेकडी चढली, पण मोटर जळाली. बघ्यांची गर्दी जमलेली. स्प्रेगने सहकाऱ्याला मोठ्याने सांगून उपकरणं आणायला पाठवलं. लोक कंटाळून पांगल्यावर उपकरणं आली: चार खेचरं.

खरी अडचण मोटर बसवायची कुठे, ही होती. डब्याला बांधली तर हादऱ्यांनी गिअरचे दात एकमेकांपासून सुटतात. सगळा भार ॲक्सलवर टाकला तर रुळांचा प्रत्येक दणका मोटरला बसतो. स्प्रेगने मोटरची एक बाजू ॲक्सलवर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगवर टांगली. फेब्रुवारी १८८८मध्ये ट्राम नियमित सुरू झाली. कंत्राटात तोटा झाला, पण शहरोशहरी त्याच्या पद्धतीच्या ट्राम धावू लागल्या. १८९०मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याची कंपनी ताब्यात घेतली आणि यंत्रांवर स्प्रेगऐवजी एडिसनचं नाव आलं. स्प्रेग चिडून बाहेर पडला.

आता ट्रामवरून रेल्वेकडे येऊ. १८९५मध्ये न्यू हेवन रेल्वेने बॉस्टनजवळची नँटास्केट बीचची शाखा विजेवर आणली. उन्हाळ्यात समुद्रावर जाणाऱ्यांची लाइन ती. पण तिथे मोटर असलेला डबा इंजिनासारखा पुढे आणि बाकीचे डबे त्याच्या मागे ओढलेले. यात गाडीला रेटणारी चाकं मोजकीच. डबे वाढवले की वजन वाढतं, ताकद तेवढीच राहते.

स्प्रेग तेव्हा विजेच्या लिफ्ट बनवत होता. लिफ्टची मोटर दूर बसून एका स्विचने चालवता येते, मग आगगाडीचे डबे का नाही? त्याने प्रत्येक डब्याला स्वतःची मोटर आणि स्वतःचा कंट्रोलर दिला. ड्रायव्हरच्या हँडलमधून मोटरचा प्रचंड करंट जातच नाही. डब्याडब्यांतून गेलेल्या केबलमधून फक्त किरकोळ करंटचा इशारा जातो आणि तो मिळाला की प्रत्येक डब्यातला कंट्रोलर तिथल्या तिथे मोठे स्विच चालू करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कमांड एक, ती पाळणारी मशीन अनेक. डबा जोडला की ताकदही जोडली जाते, आणि गाडी कुठल्याही टोकाकडून चालवता येते. इंजिन फिरवून आणायची कटकट संपली.

शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेने १२० डब्यांचं काम दिलं, पण एक लाख डॉलरची हमी घेऊन. म्हणजे पुन्हा तोच जुगार. जुलै १८९७मध्ये स्केनेक्टडीच्या चाचणी मार्गावर त्याने सहा डब्यांची गाडी दाखवली आणि हँडलवर बसवलं आपल्या दहा वर्षांच्या मुलाला. अधिकाऱ्यांना आणखी काय पटवायचं! पुढच्या वर्षी त्या मार्गावरची वाफेची इंजिनं गेली.

३ फेब्रुवारी १९२५ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची लोकल धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, स्प्रेगच्याच तत्त्वाने. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. १९३४मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये वारला.