किड्यालाच विचारणारा मास्तर : झाँ-आंरी फाब्र



गेल्या पावसाळ्यात आमच्या सहावीच्या वर्गात एका मुलाने कंपासपेटीत घालून शेणकिडा आणला. तास गणिताचा होता. मी त्याला तो किडा बाहेर टाकून यायला सांगितलं आणि हात धुवायला पाठवलं. परत येताना त्याने दारातच विचारलं, की सर, हा गोळा ढकलत नेतो तो नेमका कुठे? मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते येतच नव्हतं. "आधी गणित सोडव" एवढं बोलून मी मोकळा झालो.

ते मला दिवसभर टोचत राहिलं. हाच प्रश्न घेऊन चाळीस वर्षं जगलेला एक माणूस होऊन गेला, आणि तोही आमच्यासारखा शाळामास्तरच होता. त्याचं नाव झाँ-आंरी फाब्र. आज त्यांच्याविषयी वाचूया.

बालपण

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओं या छोट्याशा खेड्यात झाला. घरची परिस्थिती अतिशय बेताची. खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून लहानपणी त्यांना आजी-आजोबांच्या शेतावर ठेवलं होतं. त्या घरात पुस्तक नावाची वस्तूच नव्हती.

पाच-सहा वर्षांचे असताना एके दिवशी उन्हात उभं राहून या मुलाला प्रश्न पडला, की हा सूर्याचा प्रकाश मला दिसतो तो डोळ्यांनी की तोंडाने? आपण हसू. पण त्याने काय केलं बघा. डोळे मिटले आणि तोंड उघडलं. सूर्य गायब! मग तोंड मिटलं आणि डोळे उघडले. सूर्य हजर! पुन्हा एकदा करून पाहिलं, तेच झालं. संध्याकाळी त्याने आपला हा शोध घरात सांगितला, तेव्हा सगळे खो-खो हसले. आजी मात्र मायेने गालात हसली.

प्रश्न वेडगळ असेल, पण पद्धत पक्की होती. कुणाला न विचारता स्वतः करून पाहायचं आणि एकदा पाहून न थांबता पुन्हा पाहायचं, ही पद्धत त्यांनी पुढे नव्वदीपर्यंत सोडली नाही.

गावची शाळा म्हणजे एकच खोली. गुरुजी गावचे न्हावीही होते आणि चर्चची घंटाही तेच वाजवायचे. कोंबडीची पिल्लं नि डुकरं वर्गात खुशाल फिरायची. फाब्र यांना अक्षरं येईनात, तेव्हा वडिलांनी शहरातून प्राण्यांच्या चित्रांचा एक तक्ता आणून दिला. मग मात्र अक्षरं भराभर येऊ लागली.

पुढे वडिलांचा धंदा कुठल्याच शहरात बसला नाही आणि कुटुंब विस्कटलं. फाब्र यांनी जत्रेत लिंबं विकली, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी केली. अशातच आव्हिन्यों शहरातल्या अध्यापक विद्यालयाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्यांनी दिली आणि त्यात ते पहिले आले.

सातशे फ्रँकचा शिक्षक

१८४२ साली कार्पांत्रा गावी ते शिक्षक झाले. पगार वर्षाला सातशे फ्रँक. भूमापन शिकवायला ते मुलांना माळरानावर न्यायचे. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की मुलं मोजमाप सोडून मध्येच खाली वाकतात आणि काडीने काहीतरी चोखतात. जवळ जाऊन पाहिलं, तर दगडावर मातीचं घर बांधणाऱ्या एका रानमाशीचा मध!

तुमचे सर असते तर रागावले असते. फाब्र यांनीही काडी घेतली. मग या माशीची माहिती देणारं पुस्तक शोधलं. त्या पुस्तकाची किंमत होती महिन्याभराचा पगार. घरखर्चाचं काय, हा विचार बाजूला ठेवून त्यांनी ते विकत घेतलं आणि वाचून संपवलं.

पुढे कॉर्सिका बेटावर ते भौतिकशास्त्र शिकवत असताना मोकँ-तांदों नावाचे एक निसर्ग-अभ्यासक त्यांच्याकडे उतरले होते. जाण्याआधी त्यांनी पाण्याने भरलेल्या बशीत, साध्या कात्री-सुईने गोगलगाय उघडून तिची आतली रचना दाखवली. फाब्र म्हणत, की आयुष्यात मिळालेला हाच निसर्गशास्त्राचा खरा धडा. कोणतीही महागडी उपकरणं नव्हती, होती ती सुई, बशी आणि नजर.

मेलेला की झोपलेला?

१८५० नंतरच्या काळातली गोष्ट. लेओं द्युफूर या नामांकित अभ्यासकाचा एक लेख फाब्र यांच्या वाचनात आला. एक गांधीलमाशी भुंगे मारून आपल्या बिळात ठेवते आणि ते भुंगे कित्येक दिवस ताजेच राहतात, असं त्यात होतं. द्युफूर यांचा तर्क असा, की माशी डंखातून काहीतरी टिकाऊ द्रव्य टोचत असावी.

फाब्र यांना निरीक्षण पटलं, तर्क मात्र पटला नाही. ते स्वतः अशी बिळं खणू लागले. सापडलेले किडे निरखताना दिसलं, की ते मेलेलेच नाहीत! पाय किंचित हलत होते. विजेचा सौम्य प्रवाह दिला तर अंग थरथरत होतं. मग त्यांनी माशीसमोर जिवंत सोंडकिडा ठेवला आणि डंख नेमका कुठे बसतो ते पाहिलं. तो बसत होता छातीखाली, पायांना हालचाल देणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठीजवळ. शेवटी टाकाच्या टोकाने त्याच जागी अमोनियाचा थेंब त्यांनी स्वतः टोचून पाहिला. किडा लुळा पडला, पण जिवंत राहिला. म्हणजे माशी भक्ष्य मारत नाही, लुळं करते. अंड्यातून निघणाऱ्या अळीला ताजं अन्न मिळावं म्हणून! १८५५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. ती अळी आणून आत कोंडते आणि काही दिवसांनी त्यातून माशीच बाहेर पडते. यावरून आपल्या पूर्वजांनी मानलं, की माशीच्या ध्यासाने अळीचीच माशी होते. यालाच कीटक-भृंग न्याय म्हणतात. ध्यासाचा दृष्टांत म्हणून तो सुंदरच आहे. पण घर फोडून पाहिलं, तर आत दिसते लुळी पडलेली अळी आणि माशीचं अंडं. अळीची माशी होत नाही, माशीची अळी तिला खाते. दृष्टांत एका जागी, निरीक्षण दुसऱ्या जागी. दोन्हींची गल्लत करायची नाही, एवढंच.

लोक वेडा म्हणाले

असं निरीक्षण करणं सोपं नव्हतं. एकदा फाब्र सकाळीच रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. द्राक्षं तोडायला निघालेल्या तीन बायका समोरून गेल्या. संध्याकाळी त्या परतल्या, तरी हा माणूस तिथेच, जमिनीकडे टक लावून! बिचाऱ्याचं डोकं फिरलंय असं समजून त्यांनी देवाचं नाव घेतलं. फाब्र मात्र दिवसभर एका गांधीलमाशीची वाट पाहत होते.

१८६५ साली खुद्द लुई पाश्चर त्यांच्या घरी आले. रेशीमकिड्यांच्या रोगावर त्यांना उपाय शोधायचा होता. त्यांनी कोष हातात घेतला, कानाशी हलवला आणि आत काहीतरी आहे हे कळल्यावर चकित झाले! कोषात काय असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आपण नाक मुरडलं असतं. फाब्र यांनी मात्र त्यातून धडा घेतला, की काहीच ठाऊक नसलेला माणूस कोऱ्या नजरेने पाहतो आणि नवीन वाट त्यालाच सापडू शकते. तेव्हापासून एखाद्या किड्याकडे जाताना पुस्तकातलं मत घरी ठेवून जायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि याच पाश्चर यांनी पुढे रेशीमकिड्यांच्या रोगावर उपाय शोधलाही.

शिकवण्याची शिक्षा

आव्हिन्योंमध्ये फाब्र संध्याकाळी मोफत वर्ग घेत. सामान्य माणसं येत, तरुण मुलीही येत. फुलातलं परागण, फळ कसं तयार होतं, हे ते मुलींनाही मोकळेपणाने सांगत. झालं! गावातल्या कर्मठ मंडळींनी ओरड केली. घरमालकिणींनी महिन्याभरात घर रिकामं करायला लावलं. भाड्याचा लेखी करार नव्हता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पदरी मुलंबाळं, आणि हाताशी पैसा नाही. त्यावेळी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आव्हिन्योंत राहत होते. त्यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले, ना कागद ना व्याज. फाब्र यांनी ते पुढे फेडले.

१८७० च्या सुमारास ते ओरांजला गेले. शिक्षकी सुटली, ती कायमचीच. मग त्यांनी लेखणीवर घर चालवलं. मुलांसाठी आणि शाळांसाठी विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहिली, एक-दोन नव्हे, डझनांनी. याच काळात, १८७७ साली, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा झ्यूल वारला. किड्यांच्या मागे हिंडताना तोच त्यांचा जोडीदार होता. नंतर काही गांधीलमाश्यांना त्यांनी त्याचं नाव दिलं.

हार्मास

१८७९ साली, पंचावन्न वर्षांचे असताना, सेरिन्याँ गावाबाहेर त्यांनी एक घर आणि साधारण अडीच एकर खडकाळ, काटेरी माळ विकत घेतला. त्या माळाला तिकडे हार्मास म्हणतात. शेतकऱ्याने फुकट दिला तरी घेतला नसता असा! फाब्र यांना तोच हवा होता, कारण काट्याकुट्यात किडे फार. त्यांच्या 'कीटकविषयक आठवणी' या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी आला आणि दहावा १९०७ मध्ये.

त्यातले प्रयोग गोष्टींसारखे आहेत. पाइनच्या झाडावरचे सुरवंट एकामागे एक रांगेने चालतात. १८९६ च्या जानेवारीत अशी एक रांग मोठ्या कुंडीच्या काठावर चढली. फाब्र यांनी मागून येणारे तेवढे बाजूला केले आणि वर्तुळ पूर्ण झालं. आता पुढारी कुणीच नाही, प्रत्येक जण पुढच्याच्या मागे! सात दिवस ते फिरत राहिले. काठाचा घेर होता १.३५ मीटर, प्रत्यक्ष चालणं झालं ८४ तास आणि फेऱ्या भरल्या ३३५. थंडीत, उपाशी, पण खाली उतरायचं सुचलं नाही.

आणि शेणकिडा? गोळ्यात अंडं असतं, असं जुनी पुस्तकं सांगत. फाब्र यांनी कितीतरी गोळे फोडले, अंडं कुठेच नाही. ढकलत नेलेला गोळा म्हणजे त्याचा स्वतःचा डबा होता! दुसरा किडा मदतीला येतो असं वाटायचं, तोही बहुधा डबा पळवायलाच टपलेला. मग अंडं कुठे? वर्षांमागून वर्षं गेली. अखेर त्यांनी नजर ठेवायला सांगितलेल्या एका तरुण मेंढपाळाने जमिनीखालून नाशपातीच्या आकाराची एक वस्तू आणून दिली. तिच्या निमुळत्या टोकात अंडं होतं. टोकाशी हवा मिळते आणि गोल भागातलं अन्न ओलं राहतं. उत्तर मेंढपाळामुळे मिळालं, हे फाब्र यांनी पुस्तकात स्पष्ट लिहिलं.

चुकलेही, पण लपवलं नाही

फाब्र प्रत्येक वेळी बरोबर नव्हते. सिकाडा हा झाडावर बसून कर्कश ओरडणारा कीटक. त्याला ऐकू येतं का हे पाहायला त्यांनी झाडाखाली गावच्या उत्सवातल्या तोफा उडवल्या. गाणं थांबलं नाही, म्हणून ते बहिरे असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपल्याला माहीत आहे, की सिकाडांना ऐकू येतं, त्यांचा कान त्यांच्या गाण्याच्या सुराला लागलेला असतो. उत्क्रांतीही फाब्र यांना कधी पटली नाही. तरी ज्यांच्याशी हा वाद, त्या डार्विन यांनी फाब्र यांच्या निरीक्षणाची मनापासून वाखाणणी केली होती. डार्विन यांनी सुचवलेला प्रयोगही फाब्र यांनी करून पाहिला होता.

एक गांधीलमाशी रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून आत डोकावून येते. फाब्र यांनी तेवढ्यात रातकिडा लांब सरकवला. तिने तो परत आणला आणि पुन्हा आत डोकावली. असं चाळीस वेळा झालं. माशी विचार करत नाही, हे सिद्ध झालं म्हणून ते थांबू शकले असते. पण त्यांनी दुसऱ्या जागी तोच प्रयोग केला आणि तिथल्या माश्या दोन-तीन वेळा फसून शहाण्या झाल्या, भक्ष्य थेट आत ओढून नेऊ लागल्या. आपल्या मताविरुद्ध जाणारी ही गोष्टही त्यांनी लिहून ठेवली. मला फाब्र सर्वात मोठे वाटतात ते इथे.

काही विद्वान म्हणत, की फाब्र यांचं लेखन फार सोपं आहे, म्हणून ते खोल नसणार. पण त्यांना मुलांनी वाचायला हवं होतं. कीर्ती आली ती अगदी म्हातारपणी. १९१० मध्ये त्यांचा सत्कार झाला, १९१३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष भेटून गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ९१ व्या वर्षी ते वारले. हार्मास आज संग्रहालय आहे. दूर जपानमध्येही पिढ्यान् पिढ्या मुलं त्यांची पुस्तकं वाचतात.

आपण काय करावं?

मुलांनो, कुतूहल सगळ्यांनाच असतं. प्रश्न पडतो आणि विरतो. फाब्र प्रश्नाजवळ बसून राहिले, हाच फरक. तेव्हा या रविवारी एवढं करा :

१. अंगणातलं मुंग्यांचं एक वारूळ किंवा भिंतीवरचं कुंभारणीचं एक घर निवडा. अर्धा तास शांत बसा. किड्याला हात लावू नका.

२. वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात जे दिसलं ते, दुसऱ्यात तुम्हाला जे वाटलं ते. दोन्ही एकत्र करू नका.

३. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. काही वेगळं दिसलं तर आधीचं खोडू नका, खाली नवीन लिहा.

त्या कंपासपेटीवाल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर सांगणार होतो. मग विचार बदलला. गणिताचा तास संपल्यावर आम्ही दोघं शाळेमागच्या गोठ्याकडे गेलो. किडा सापडला, गोळाही होता. तो कुठे जातो ते पाहत आम्ही घंटा होईपर्यंत तिथेच बसलो.