विश्लेषण : कॅन्सरग्रस्त मुलाचे जेवण आणि गाडगेबाबांची धर्मशाळा… काय आहे नाते?

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावातून लेकराला कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला न्यायचे, तर रात्रभराचा रेल्वेप्रवास. परळच्या टाटा रुग्णालयात औषधे सुरू होतात; पण राहायचे कुठे आणि लेकराला खाऊ काय घालायचे? बाहेरगावच्या अनेक कुटुंबांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो. ज्यांचे नाव या धर्मशाळेला आहे, ते गाडगेबाबा कोण होते?

डेबूजी ते गाडगेबाबा

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आली. मामाकडे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली; शाळा मिळाली नाही. मुलीच्या बारशाला त्यांनी मटण-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले. १९०५ मध्ये घर सोडले. हाती खराटा आणि जेवायला गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे.

धर्मशाळा कशासाठी?

लोकांनी दिलेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चात उभी राहिली.

जेवण इतके महत्त्वाचे का?

केमोथेरपीत मुलाचे तोंड येते, मळमळ होते, चव बदलते. पांढऱ्या पेशी घटल्याने उघड्यावरच्या अन्नातून संसर्गाचा धोका वाढतो. वजन फार उतरले तर शरीराला औषधे सोसत नाहीत. म्हणून ताजे, गरम अन्न आणि उकळून गार केलेले पाणी हवे. मऊ भात, मुगाची खिचडी, पूर्ण उकडलेले अंडे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. पथ्य मात्र रुग्णालयातील आहारतज्ज्ञ सांगतील तेच. फुटपाथवर मुक्काम असेल तर यातले काहीच जमत नाही. खर्च पेलत नाही म्हणून काही कुटुंबे उपचार अर्धवट सोडून गावी परततात.

काय करावे?

पहिल्याच भेटीत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. राहण्या-जेवणाची सोय आणि आर्थिक मदत यांची चौकशी तिथेच करा. पैसे संपेपर्यंत थांबू नका.